मिरगाआधी छत तपासा: कवेलू, टिन आणि स्लॅबच्या घरांची निगा कशी राखायची

मावला (जि. आदिलाबाद) : आदिलाबाद शहराला लागून, राष्ट्रीय महामार्ग 44 वर मावला आहे. 11 ऑक्टोबर 2016 ला तेलंगणात जिल्ह्यांची फेररचना झाली, तेव्हा मावला हे वेगळं मंडल झालं. महामार्गाच्या कडेनं नवी स्लॅबची घरं, आतल्या गल्ल्यांत टिनाची, आणि मधूनच सागाच्या वाशांवर उभं असलेलं एखादं जुनं कवेलूचं घर. पैनगंगेच्या अलीकडे-पलीकडे कुठंही जा, असंच दिसतं. किनवट आणि राजुरा हे तालुके 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्यं बदलली, घरं बांधायची पद्धत मात्र एकच राहिली. तेलुगू मेस्त्री यांनाच डाबा इल्लु, रेकुल इल्लु आणि पेंकुटिल्लु म्हणतो, एवढाच फरक.

या तिन्ही छतांचं दुखणंही एकच. पाऊस सुरू झाल्यावर घर गळतं, भर पावसात मेस्त्री मिळत नाही, मिळाला तर ओल्या छतावर काम टिकत नाही. मग दिवाळीनंतर बघू म्हणत वर्ष जातं. पुढच्या वर्षी एका ठिकाणची गळती चार ठिकाणी होते. छताचा मोठा खर्च एकदम कधी येत नाही. दोन-तीन पावसाळे टाळलेली लहान कामं साचतात आणि मग तो येतो.

गळतीचा पैसा कुणी देत नाही

पावसानं घराचं नुकसान झालं की सरकार मदत देतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळते. तिचे निकष केंद्र सरकार ठरवतं, त्यामुळे तेलंगणात आणि महाराष्ट्रात मूळ दर सारखेच. 2022-23 ते 2025-26 या काळासाठीच्या निकषांत सपाट प्रदेशातलं घर पूर्ण पडलं तर 1 लाख 20 हजार रुपये आहेत. अंशतः नुकसान झालं तर पक्क्या घराला 6,500 आणि कच्च्या घराला 4,000 रुपये, तेही नुकसान किमान 15 टक्के असेल तरच. राज्यानं स्वतःची भर घातली तर रक्कम वाढते. पण त्यासाठी पूर, अतिवृष्टी किंवा वादळ यांसारखी आपत्ती घडलेली असावी लागते आणि महसूल खात्याचा पंचनामा व्हावा लागतो. निगा न राखल्यानं गळणारा स्लॅब यात कुठंच बसत नाही.

विम्याचंही तसंच. 1 एप्रिल 2021 पासून सर्वसाधारण विमा कंपन्या 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी देतात. आग, वीज, वादळ, पूर अशा ठरलेल्या घटनांनी झालेलं नुकसान तीत भरून मिळतं. छत जुनं झालं म्हणून होणारी झीज आणि गळती ही त्या घटनांत नाही.

म्हणजे वादळात उडालेल्या पत्र्याचे थोडेफार पैसे मिळू शकतात, पण हळूहळू सडणाऱ्या छताचा सगळा भार घरमालकावरच. म्हणून मिरगाआधीची एक दिवसाची तपासणी हाच घराचा सगळ्यात स्वस्त विमा समजावा.

या भागात आणखी एक हिशेब आहे. शेतमाल घरातच साठवला जातो. भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देतं, त्यापुढं 12 टक्क्यांपर्यंत भाव कापतं आणि 12 च्या वर कापूस घेत नाही. सोयाबीनलाही हमीभावासाठी 12 टक्क्यांची मर्यादा असते. परतीच्या किंवा अवकाळी पावसात छताचा एक कोपरा गळला आणि खालची गंजी भिजली, तर नुकसान छताच्या दुरुस्तीपेक्षा मोठं होऊ शकतं.

आधी पाण्याची वाट बघा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी जमतं. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे सुमारे 93 चौरस मीटर. त्यावर 100 मिमी पाऊस झाला तर 9,300 लिटर, म्हणजे एका मोठ्या टँकरएवढं पाणी उतरतं. जुलै 2022 आणि जुलै 2023 च्या अतिवृष्टीत आदिलाबाद, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांनी असा पाऊस पाहिला आहे.

हे पाणी थांबलं नाही तर सहसा छत गळत नाही. पाणी साचलं की ते बारीकशा भेगेतूनही वाट काढतं. म्हणून कोणत्याही छतावर चढल्यावर पहिला प्रश्न 'भेग कुठं आहे' हा नाही. 'पाणी कुठून जातं आणि कुठं अडतं' हा आहे. सुकलेला पाला, पतंगाचा कागद, पिशव्या, टाकीजवळचं शेवाळ, पक्ष्यांची घरटी यांनी पाइपाचं तोंड बुजलेलं असतं. ते साफ करायला मेस्त्री लागत नाही.

पाइपाचा आकारही बघावा. तासाला 100 मिमी वेगानं पाऊस पडला तर चार इंची पाइप साधारण 40 चौरस मीटर छताचं पाणी वाहून नेतो. हजार चौरस फुटांच्या स्लॅबला असे किमान तीन पाइप हवेत. अनेक घरांत दोन इंचांचा एकच तुकडा काढून दिलेला असतो. तिथं स्लॅबवर कितीही महागडं केमिकल लावा, जोरदार पावसात तळं साचणारच.

कवेलूचं घर

कवेलूच्या छतात एक मोठी सोय आहे. फुटलं तेवढंच बदलता येतं. दरवर्षी उन्हाळ्यात कवेलू फेरायची जुनी रीत त्यासाठीच होती. आता फेरणारी माणसं कमी झाली आणि माकडांचा त्रास वाढला. माकडांच्या उड्यांनी कवेलू सरकतात, फुटतात. हे संकट एवढं मोठं आहे की शेजारच्या निर्मलजवळ 2020 साली माकडांसाठी पुनर्वसन केंद्र सुरू करावं लागलं. अनेकांनी याच कारणानं कवेलू उतरवून टिन टाकलं.

कवेलू ठेवायचे असतील तर दरवर्षी एवढं करावं :

- भर दुपारी घरात अंधार करून वर पाहावं. जिथून उजेडाची तिरीप येते, तिथून पाणी येणार. त्या जागा खडूनं खुणावून ठेवाव्यात.
- आढ्यावरची कवेलू आणि भिंतीला टेकणारी कड आधी तपासावी. सगळ्यात जास्त गळती याच दोन ठिकाणी होते.
- कवेलूंखालचा कचरा आणि माती काढावी. ती ओल धरून ठेवते आणि रिपा सडतात.
- वासे आणि आढं टोकरून पाहावं. पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर उदळी लागली आहे. नुसते कवेलू बदलून उपयोग नाही, लाकडाचा बंदोबस्त आधी.
- जुनं घर पाडणाऱ्यांकडून शंभरेक कवेलू घेऊन ठेवावेत. जुन्या मापाचे कवेलू नंतर मिळत नाहीत.

टिनाचं घर

टिनाला पावसापेक्षा वाऱ्याचं भय जास्त. एप्रिल-मे मध्ये वळवाचा पाऊस येतो, त्याआधीचं वादळ पत्रे उचलून नेतं. पत्रा उडू नये म्हणून वर दगड किंवा जुने टायर ठेवायची पद्धत आहे. दगड हा उपाय नाही. पत्र्यासोबत तो माणसाच्या डोक्यावर येऊ शकतो. शिवाय दगडाखाली ओल राहून पत्रा तिथंच गंजतो.

खरा उपाय हुकाचा. पत्रा खालच्या पाइपाला जे हुकानं किंवा स्क्रूनं आवळलेला असावा. भोक पत्र्याच्या उंचवट्यावर हवं. पन्हाळीत पाडलं तर तिथून पाणी वाहतं. प्रत्येक हुकाखाली रबर किंवा डांबरी वॉशर असतो. उन्हानं तो तीन-चार वर्षांत कडक होऊन तडकतो आणि सगळा पत्रा चांगला असतानाही भोकाभोकातून थेंब पडतात. अशा वेळी वॉशर बदलले तरी काम भागतं. दोन पत्र्यांचा वर-खालचा जोड किमान सहा इंचांचा आणि बाजूचा जोड दीड-दोन नळ्यांचा असावा. गंजाचा डाग दिसला तर घासून, प्राइमर मारून रंग द्यावा. बोट आरपार गेलं तर मात्र पत्रा बदलावा.

एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी. आदिलाबादला हिवाळ्यात पारा एक अंकी होतो. अशा रात्री घरातली दमट हवा थंड पत्र्याला लागून तिचं पाणी होतं आणि पहाटे वरून थेंब पडतात. पाऊस नसताना थेंब पडत असतील तर पत्रा फुटलेला नसून हवा कोंडलेली असते. वरच्या बाजूला हवेला वाट दिली आणि कापसाची गंजी पत्र्यापासून दूर ठेवली की प्रश्न सुटतो.

सिमेंटच्या पत्र्यांबाबत जास्त जपावं. जुन्या बहुतेक पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. असा पत्रा सुका घासू नये, ग्राइंडरनं कापू नये, तोडून फेकू नये. काम करावंच लागलं तर पाणी मारून, तोंडाला मास्क लावून करावं. आणि त्यावर थेट पाय देऊ नये. वरून धडधाकट दिसणारा पत्रा एकाएकी मोडतो आणि माणूस खाली येतो. खालच्या पाइपाच्या रेषेवर आडवी फळी टाकूनच चढावं.

स्लॅबचं घर

स्लॅब पक्का, म्हणून त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. इथला उन्हाळा 45 अंशांवर जातो आणि हिवाळ्यात रात्री गारठा. स्लॅब दर वर्षी फुगतो, आकसतो. त्यातून केसासारख्या भेगा पडतात. पाणी आत शिरून सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहा पट जागा घेतो. ती जागा आतून मिळत नाही, म्हणून खालचं काँक्रीट फुटून पोपडे पडतात. इथपर्यंत गोष्ट गेली की खर्च रंगाचा राहत नाही, बांधकामाचा होतो.

घराच्या आतून छताकडे पाहिलं तरी बरंच कळतं :

- पिवळट गोल डाग : वरून पाणी येतं आहे. डागाच्या कडेला पेन्सिलीनं रेघ मारून तारीख लिहावी. पुढच्या पावसात डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे.
- पांढरा फुलारा : पाणी काँक्रीटमधले क्षार घेऊन बाहेर येतं आहे. दुखणं जुनं आहे.
- तांबूस सरळ रेषा : सळई गंजते आहे. इथं थांबू नये.
- ठोकल्यावर पोकळ आवाज : प्लास्टर किंवा काँक्रीट सुटलं आहे. त्याखाली खाट, पाळणा ठेवू नये.
- उन्हाळ्यातही ओल : हा पाऊस नाही. टाकी, नळ किंवा वरच्या मोरीचा पाइप तपासावा.

पंख्याच्या हुकातून किंवा दिव्याच्या वायरीतून पाणी ठिबकत असेल तर आधी मेन स्विच बंद करावा, मग बादली ठेवावी.

वर गेल्यावर कठड्याचा कोपरा पाहावा. स्लॅब आणि कठडा जिथं मिळतात तिथं गोलाई काढलेली असते, मेस्त्री तिला वाटा म्हणतात. ही गोलाई सुटली की पाणी भिंतीतून खाली उतरतं आणि घरात भलत्याच ठिकाणी डाग दिसतो. स्लॅबला उतार दहा फुटांना किमान सव्वा इंच हवा. बादलीभर पाणी ओतून ते कुठं जातं हे बघितलं की उतार कळतो. टाकीचे पाय, डिशचे बोल्ट, कपड्यांच्या तारेचे खिळे जिथं ठोकले असतील ती भोकं नीट बुजवावीत.

केसासारखी भेग असेल तर साफ करून क्रॅक फिलर भरता येतो. भेगेत लग्नपत्रिकेचा जाड कागद शिरत असेल, भेग दर वर्षी लांबत असेल किंवा सळई उघडी पडली असेल, तर मेस्त्री पुरेसा नाही. स्थापत्य अभियंत्याला दाखवावं.

केमिकल आणि कोबा : पैसे इथं वाया जातात

बाजारात 'वॉटरप्रूफिंग' या एका शब्दाखाली वेगवेगळी कामं विकली जातात. उतार चुकलेला असताना किंवा पाइप बुजलेला असताना लावलेलं कोटिंग टिकत नाही. क्रम असा हवा : आधी सफाई, मग पाण्याची वाट, मग गोलाई आणि भेगा, सगळ्यात शेवटी कोटिंग. पृष्ठभाग कोरडा हवा, म्हणून हे काम मार्च ते मे मध्ये करावं. कोटिंग हे कायमचं काम नाही, काही वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं, हे धरूनच हिशेब करावा.

विटांच्या तुकड्यांचा कोबा हा जुना आणि चांगला उपाय आहे, उतारही त्यातच मिळतो. पण जुना कोबा गळतो म्हणून त्यावरच दुसरा टाकणं धोक्याचं. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतं. माणसांच्या वापराच्या गच्चीवर वावराचा भार साधारण 150 किलोच धरलेला असतो. म्हणजे दुसरा कोबा टाकला की त्या भारापेक्षा जास्त वजन स्लॅबवर कायमचं बसतं. जुना काढल्याशिवाय नवा टाकू नये.

पांढऱ्या कोटिंगचा दुहेरी फायदा आहे. ऊन परत फिरवल्यानं घर थोडं थंड राहतं आणि स्लॅबचं फुगणं-आकसणंही कमी होतं. तेलंगणानं एप्रिल 2023 मध्ये 2023-28 साठी थंड छतांचं धोरण जाहीर केलं. लहान घरांना त्याची सक्ती नाही, पण स्वतःहून करायला हरकत नाही. हात तंग असेल तर चुन्याचे दोन हातही ऊन परतवतात. मात्र चुन्यानं गळती थांबत नाही.

पीएम सूर्यघर योजनेत सोलर बसवणाऱ्यांनी छताचं काम आधी करावं. या योजनेत 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार आणि 3 किलोवॅट किंवा जास्तीला 78 हजार रुपये अनुदान आहे. पॅनेल पंचवीस वर्षं छतावर राहतात. त्याखालचा स्लॅब नंतर गळला तर सगळा सांगाडा उतरवावा लागतो.

मेस्त्रीशी व्यवहार कागदावर

सीमेवर मेस्त्री एका राज्याचा आणि घर दुसऱ्या राज्यात, असं नेहमीच होतं. म्हणून तोंडी बोलीपेक्षा साध्या कागदावर चार गोष्टी लिहून घ्याव्यात : किती चौरस फूट, कोणता माल, किती हात, किती वर्षांची हमी. पैसे टप्प्यानं द्यावेत आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर. मालाचं पक्कं बिल घ्यावं, त्याशिवाय कंपनीची हमी मिळत नाही.

काम फसलं तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. पांढरकवड्याच्या माणसानं आदिलाबादच्या ठेकेदाराकडून काम करून घेतलं तर त्याला यवतमाळातच दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. मुदत दोन वर्षांची. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

खोल्या भाड्यानं देणाऱ्यांसाठी एक गोष्ट : घरभाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा केल्यावर उरणाऱ्या रकमेवर आयकरात 30 टक्के प्रमाणित वजावट मिळते, खर्च केला असो वा नसो. ही सवलत घेतली जाते आणि दुरुस्ती मात्र भाडेकरूवर ढकलली जाते. त्यातला काही हिस्सा दर वर्षी छतासाठी बाजूला ठेवला तर मोठा खर्च अंगावर येत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

- फेब्रुवारी-मार्च : मागच्या पावसाळ्यातले डाग पाहणं, मेस्त्री ठरवणं. या दिवसांत माणूस मिळतो आणि भावही बरा असतो.
- एप्रिल-मे : कवेलू फेरणं, हुक-वॉशर, भेगा, कोटिंग. वादळाआधी टिन आवळणं.
- रोहिणी, म्हणजे 25 मे च्या सुमारास : पाइप आणि पन्हाळी साफ, बादलीभर पाणी ओतून तपासणी.
- मिरगाचा पहिला पाऊस, 7-8 जून नंतर : घरात फिरून नवे डाग पाहणं आणि तारीख लिहिणं.
- पावसाळाभर : दर पंधरा दिवसांनी पाइपाचं तोंड मोकळं करणं.
- ऑक्टोबर : माल घरात येण्याआधी एकदा पुन्हा तपासणी.

छतावर एकट्यानं चढू नये. शिडी खाली कुणीतरी धरावी, ओल्या शेवाळावर पाय देऊ नये, जवळून विजेची तार जात असेल तर लोखंडी शिडी वापरू नये. वयस्कर माणसांनी खालूनच डाग दाखवावेत.

आणि फोन हातात आहेच. दर वर्षी मे महिन्यात छताचे चार फोटो काढून ठेवावेत. दुरुस्ती कुठं झाली, काय वाढलं हे पुढच्या वर्षी त्यावरून कळतं. वादळात खरंच नुकसान झालं तर पंचनाम्याच्या वेळी, विम्याच्या दाव्यात किंवा ग्राहक आयोगातही आधीची स्थिती दाखवायला हेच फोटो कामी येतात.